बडीशेप : मुखवास आणि औषध



जेवणानंतर चिमूटभर बडीशेप तोंडात टाकण्याची आपली पद्धत केवळ हौसेची नाही. धने, जिरे, ओवा आणि शेपू यांच्याच कुळातली ही वनस्पती. आपण जिला बी म्हणतो ते तिचं वाळलेलं फळ. त्यात सुगंधी तेल असतं. त्यातल्या अॅनेथोल या द्रव्यामुळे बडीशेप गोडसर लागते. या तेलानं आतड्याच्या स्नायूंचा पीळ सैल होतो, वायू सरतो आणि पोट हलकं वाटतं.

औषध म्हणून घ्यायची तर मोठ्या माणसानं दीड ते अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण लहान चमचाभर बडीशेप आयत्या वेळी भरडावी. कपभर उकळतं पाणी ओतून पंधरा मिनिटं झाकून ठेवावी. झाकण महत्त्वाचं, नाहीतर वाफेबरोबर तेल उडून जातं. असा काढा दिवसातून तीनदा चालतो, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस नको. तोवर बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

आता काळजीची बाजू. बाळ रात्री रडू लागलं की घरातली वडीलधारी माणसं मायेनं बडीशेपेचं पाणी पाजतात. 2003 साली रशियात झालेल्या एका अभ्यासात बडीशेपेच्या तेलानं तान्ह्या बाळांची पोटदुखी कमी झाल्याचं दिसलं होतं. पण तिथे तेलाचं प्रमाण मोजलेलं होतं. घरच्या काढ्यात किती तेल उतरलं, हे कुणालाच सांगता येत नाही. या तेलात एस्ट्रॅगोल नावाचं द्रव्यही असतं. ते मोठ्या मात्रेत दिल्यावर प्राण्यांमध्ये यकृताचा कर्करोग आढळला. युरोपातली औषध नियामक संस्थाही चार वर्षांखालच्या मुलांना हा काढा देऊ नये, असं सांगते. 2008 मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. बडीशेपेचा काढा रोज घेणाऱ्या काही लहान मुलींमध्ये अकाली स्तनवाढ दिसली, आणि काढा थांबवल्यावर ती ओसरली.

शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. पोटदुखीचं हे रडणं बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. मात्र बाळाला ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ते दूधच ओढत नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी फोडणीतली, मसाल्यातली बडीशेप खुशाल खावी, काढा किंवा तेल मात्र टाळावं. धने, जिरे यांची अॅलर्जी असणाऱ्यांनीही जपावं. मधुमेह्यांनी रंगीत, साखर चढवलेली बडीशेप टाळावी.

आणि एक गोष्ट विसरू नका. छातीत दडपण आलं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘गॅस असेल’ म्हणून बडीशेप चघळत बसू नका. अशा वेळी हाताशी असलेला वेळ रुग्णालयात पोहोचण्यासाठी असतो.