चाळीस फूट पाण्याखाली

आज हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं यातलं काही बोलणार नाही. दिवाळीनंतर ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथे एकच विषय निघाला. "ताई, तुम्ही म्हणे समुद्रात बुडी मारायला शिकून आलात? किती पैसे घातले?" एका गावात तर वहीवर सह्या व्हायच्या आधीच हे सुरू झालं. म्हटलं, एकदा रेडिओवरच सांगून टाकावं, म्हणजे गावोगावी वेगवेगळी गोष्ट पसरायला नको.

आधी पैशाचं सांगते. तुम्ही तेच आधी विचारता आणि बरोबर करता. पोस्टात माझ्या एकटीच्या नावावर महिना पाचशेचं आरडी होतं, पाच वर्षांचं. मुदत भरल्यावर पस्तीस हजारांच्या आसपास आले. ते सगळे गेले, कोर्सला, राहण्याला, जेवणाला. वर डॉक्टरांचे आणि रिक्षाचे गेले ते वेगळे, ते पुढे येईलच. गटाचा एक रुपया यात नाही. आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्यात निदान सोन्याची तरी काही वस्तू झाली असती." खोटं नाही ते.

हे डोक्यात आलं कुठून? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. तुमच्यातल्या काहीजणी माझ्याबरोबर ती बघायला आल्या होत्या. स्वतः होडी वल्हवतात, झाडांची, पक्ष्यांची माहिती सांगतात. येताना आपण मालवणला थांबलो आणि मी हौस म्हणून पर्यटकांची ती वीस मिनिटांची बुडी मारली होती. आठवतं ना, तुम्ही किनाऱ्यावर कलिंगड खात बसला होतात. त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. शिकवणारा मागून धरून फिरवतो, लहान पोराला कडेवर घेऊन जत्रा दाखवावी तसा. मासे दिसले, फोटो निघाले, पण मला ते कडेवर बसणं काही पटलं नाही. आपलं आपण जाता आलं पाहिजे असं वाटत राहिलं.

तर आपलं आपण जायला शिकवतो तो पहिला कोर्स म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर'. तो घेणाऱ्या जगभर चालणाऱ्या संस्था आहेत. त्यातली मोठी पाडी, अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली. आम्ही जिथे राहिलो त्या घरच्या काकू हे नाव ऐकून म्हणाल्या, "पाडी? ती आमच्या गोठ्यात आसा मगे!" कोकणात गायीच्या कालवडीला पाडी म्हणतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, शिवाय त्या भागात खाजगी केंद्रंही आहेत. मी त्यातल्याच एका ठिकाणी शिकले. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ मिळतं ते दिवाळीनंतर.

वयाची दहा वर्षं झालेल्या मुलापासून पुढे कोणीही हा कोर्स करू शकतं. पोहता मात्र यायला हवं. दोनशे मीटर पोहून दाखवायचं, वेळेची घाई नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगत राहायचं. मला हे जमलं ते माझ्या वडिलांमुळे. आपल्या माणदेशात पाणी म्हणजे डोक्यावरून वाहून आणायची गोष्ट, तरी चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांनी मला पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. बाराव्या वर्षी ते बंद झालं. का बंद झालं ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या भावाचं बंद झालं नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी पाण्यात न नेता हातात एक कागद दिला. तब्येतीचे प्रश्न होते त्यावर. दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा त्रास, कानाचा त्रास, ऑपरेशन, गर्भारपण. मी सगळ्याला 'नाही' लिहिलं. मिनिटभरात कागद परत. आपल्या आरोग्य शिबिरात नाही का आपण सगळ्या रांगेने 'काही त्रास नाही' सांगतो आणि नंतर हिमोग्लोबिन आठ निघतं, तसंच. खरं म्हणजे माझा डावा कान लहानपणी वाहायचा, चांगली चार-पाच वर्षं. आई तेल गरम करून घालायची. मला वाटलं, जुनी गोष्ट, आणि लिहिलं तर परत पाठवतील.

रात्री पुस्तकातला धडा वाचायचा होता. धडे इंग्रजीत, मी शब्दकोश घेऊन बसलेली. त्यात कानाचंच पहिलं आलं. पडद्याच्या आतल्या बाजूला हवेची छोटी पोकळी असते, ती एका नळीने नाकाच्या मागे जोडलेली असते. घाट चढताना-उतरताना कानात दडे बसतात ते यामुळेच. पाण्यात हे फार लवकर होतं. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब फक्त दहा मीटर खोल पाण्यात होतो. पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की आत हवा जाते आणि दाब सारखा होतो. हे दर मीटरभराला, दुखायच्या आधी करायचं. नाही केलं तर पडदा फाटू शकतो.

मी पुस्तक मिटलं आणि यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता पैसे भरलेत, गप राहा की उद्या सांगतेस?" सकाळी जाऊन सांगितलं. शिकवणारी एक तरुण मुलगी होती, कोकणातलीच. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, डॉक्टरांची सही आणा, मग पाण्यात. कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत बघितलं, पडदा भरून आलेला आहे म्हणाले, सही दिली. एक दिवस आणि दीड हजार रुपये गेले. मुलगा दिवसभर कुरकुरत होता, त्याला किल्ला बघायचा होता.

मग तलाव. तुम्हाला कपड्यांची काळजी असेल, बऱ्याच जणींनी हळू आवाजात विचारलं म्हणून सांगते. गळ्यापासून घोट्यापर्यंत जाड रबरी सूट असतो. साडीत जेवढं अंग दिसतं तेवढंही दिसत नाही. मंगळसूत्र काढून यांच्या खिशात दिलं. पाळीचं विचारलंत, तर पोहायला चालतं तसं हेही चालतं. गर्भारपणात मात्र अजिबात नाही. पाठीवरची टाकी चौदा-पंधरा किलोची, कमरेला शिशाची वजनं. टाकीत ऑक्सिजन असतो असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नसतं, ही आपली साधीच हवा, फक्त दाबून भरलेली.

सगळ्यात पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत आपण उलटं करतो, बुडी मारताना छाती भरून घेतो. पण इथे दहा मीटर खाली टाकीतली हवा छातीत भरली आणि श्वास धरून वर आलात, तर वर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणून तोंडातली नळी निघाली तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं. हे शिकवताना ती मुद्दाम नळी काढायला लावते. चष्म्यात मुद्दाम पाणी भरायला लावते आणि नाकातून फुंकून ते बाहेर काढायला लावते. मला चष्म्याचं तीनदा जमलं नाही. नाकात खारट पाणी, डोळे चुरचुरत, आणि छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, पस्तीस हजार गेले तर गेले.

चौथ्यांदा जमलं. आनंदाने मी अंगठा वर केला. तिने लगेच माझा हात धरला आणि मला वर घेऊन आली. का? तर पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'मला वर जायचंय'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि शेजारचं बोट जोडून गोल करायचा. मी म्हटलं, अगं, मला वर यायचं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, अंगठा दिसला की मी कारण विचारत नाही. खाली कोणीही, कधीही तो करू शकतं, आणि मग सगळे वर येतात. वर आल्यावरसुद्धा का म्हणून जाब विचारायचा नाही." मी त्यावर बराच वेळ विचार करत बसले होते. आपल्याकडे बाईने 'बास' म्हटलं की आधी कारण द्यावं लागतं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे दुसरं कोणीतरी ठरवतं.

एवढं ऐकूनही समुद्रातल्या पहिल्या बुडीला मी काय केलं? पाच मीटरवर कान दुखायला लागला आणि मी सोसलं. बरोबर नागपूरची बँकेत काम करणारी मुलगी होती, तिचा खोळंबा नको म्हणून. सवयच ती. शिकवणारीने माझ्या कपाळावरच्या आठ्या चष्म्यातून बघितल्या आणि मला वर ओढलं. यावेळी होडीवर ती बोलली, चांगलीच बोलली. दुखणं सोसणारा माणूस खाली सगळ्यांनाच धोक्यात घालतो म्हणाली. मला राग आला, कारण मी तर दुसरीचा विचार केला होता ना?

दुसऱ्या बुडीला पाच मीटरवर पुन्हा तेच. पण यावेळी मी हात आडवा धरून हलवला, म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि कानाकडे बोट केलं. तिघीही मीटरभर वर आलो. नाक धरून फुंकलं, कानात टक् झालं, आणि दुखणं गेलं. मग पुन्हा खाली. मिनिटभराचं काम. नागपूरची मुलगी तेवढ्यात एका शंखाकडे बघत होती, तिला खोळंबा झाला असं काही वाटलंही नाही.

समुद्रात चार बुड्या कराव्या लागतात. या कार्डावर जास्तीत जास्त अठरा मीटर जाता येतं, आम्ही शेवटच्या बुडीला बारापर्यंत गेलो. चाळीस फूट, आपल्याकडच्या जुन्या विहिरीएवढं. पाणी जाहिरातीतल्यासारखं निळं नव्हतं, हिरवट होतं, आठ-दहा हातांपलीकडे धूसर. खडकांवर प्रवाळ, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा, एका कपारीत काळेभोर काटेरी गोळे. पण मासे राहू द्या. जाकिटातली हवा नीट जमवली की माणूस ना वर जात ना खाली. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हातपाय हलवायचे नाहीत. डोक्यावर हंडा नाही, पायाखाली जमीन नाही, आणि कोणी धरलेलंही नाही. मी किती वेळ तशी होते ठाऊक नाही. काट्यावर बघितलं तर टाकी दोनशेवरून नव्वदवर आलेली. पन्नास शिल्लक असताना वर पोचायचं असतं. मग हळूहळू वर, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघून जातो. घाई केली तर त्याचे रक्तात बुडबुडे होतात.

त्याच कारणाने बुडीनंतर विमानात बसण्याआधी अठरा तास थांबतात. आपण कुठले विमानाने जातोय, पण मी विचारलं, आमच्या वाटेत घाट आहे, त्याचं काय? ती म्हणाली, घाटही उंचच की, रात्र काढा. म्हणून आणखी एक मुक्काम झाला आणि मुलाचा सिंधुदुर्ग किल्ला बघून झाला.

लेखी परीक्षा पन्नास प्रश्नांची होती, पंच्याहत्तर टक्क्यांना पास. मी पास झाले, कितीने ते विचारू नका. कार्डाला मुदत नाही, पण बरेच महिने पाण्यात गेलं नाही तर उजळणी करावी लागते. या कार्डावर नोकरी मिळते का, असं एका गटात विचारलं. नाही मिळत. त्यासाठी पुढे अॅडव्हान्स्ड, रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर असे कोर्स करावे लागतात. कोणाच्या मुलीला त्यात जायचं असेल तर मला भेटा.

सहलीला जाऊन ती वीस मिनिटांची बुडी मारणार असाल तर एवढं बघा. सर्दी असेल तर जाऊ नका. तब्येतीचा कागद न देताच कोणी पाण्यात उतरवत असेल तर तिथून उठा. आणि होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर पाहिजे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणाऱ्या पर्यटकांची होडीच उलटली होती, माणसं गेली.

आता एक काम. पाझर तलावाखालच्या विहिरीला यंदा अजून पाणी आहे. मालकांची परवानगी मिळाली आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, बायका आणि मुलींसाठी. पट्टीच्या पोहणाऱ्या दोघी येणार आहेत, दोर आणि डबे मी आणते. ड्रेस घालून या, साडी नको. आणि कान वाहत असेल, फिट येत असेल, दिवस गेलेले असतील, तर पाण्यात उतरायच्या आधी मला सांगा. बाजूला घेऊन सांगितलंत तरी चालेल.