वारीत ताप अंगावर काढू नका

(दिंडीच्या शताब्दी वर्षात, मुक्कामी कीर्तनाआधी झालेले आरोग्यविषयक भाषण)



दिंडीप्रमुख महाराज, विणेकरी, टाळकरी, पखवाजी आणि डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या मायमाऊल्यांनो, कीर्तनाआधी दोन शब्द बोलायची आज्ञा झाली. मी डॉक्टर आहे, तेव्हा माझ्या झोळीतलंच देणार.

पूर्वी वारीला निघालेला माणूस घरी परत येईलच, याची खात्री नसे. त्याचं मोठं कारण पटकी, म्हणजेच कॉलरा. पंढरपूरच्या यात्रेत तिच्या साथी वरचेवर येत. 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी कलकत्त्यात त्या रोगाचा जंतू ओळखला. त्याच वर्षी हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी जंतू रंगवून पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, त्यांना ग्राम-पॉझिटिव्ह म्हणतात. ज्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि मग दुसऱ्या रंगाने जे गुलाबी दिसतात, ते ग्राम-निगेटिव्ह. पटकी, टायफॉइड, प्लेग आणि लघवीचा जंतुसंसर्ग करणारा ई. कोलाय, ही सगळी या दुसऱ्या घरातली मंडळी.

रंगाचं आपल्याला काय, असं वाटेल. पण त्यात मर्म आहे. पावसात आपण घोंगडीवर प्लास्टिकचा कागद पांघरतो ना, तसं या जंतूंच्या अंगावर एक जादा आवरण असतं. त्यामुळे पुष्कळशी औषधं आत पोचतच नाहीत. शिवाय त्या आवरणातच विष असतं. जंतू रक्तात शिरले की शरीर त्या विषाशी झगडतं आणि त्या झगड्यात रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थकतात, श्वास वाढतो. याला सेप्सिस म्हणतात. माणूस सकाळी बोलत असतो आणि रात्री अतिदक्षता विभागात असतो, इतकं ते झपाट्यानं होतं.

आता पटकीचं भय पुष्कळ कमी झालंय. वारीत मला जास्त काळजी वाटते ती लघवीच्या जंतुसंसर्गाची. स्पष्टच बोलतो, लाजू नका. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून आपल्या बाया पाणीच पीत नाहीत. दिवेघाट चढायचा, ऊन-पाऊस सोसायचा आणि दिवसभरात दोन पेले पाणी! वर लघवी तासन् तास रोखून धरायची. पाणी कमी आणि लघवी तुंबलेली, मग जंतूंना वाढायला मोकळं रान. मधुमेह असलेल्यांना आणि प्रोस्टेट वाढलेल्या वडीलधाऱ्यांना तर हा धोका आणखी जास्त.

सुरुवातीला लघवीला जळजळ, वारंवार जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. इथेच दाखवलं तर गोळ्यांवर भागतं. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या सुरू झाल्या म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी होईनाशी झाली, तर तिथे एक मिनिटही दवडू नका. 108 ला फोन करा. आणि हो, म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही, नुसती भ्रमिष्टासारखी बडबड असते. ‘आजीला भोवळ आली, झोपू द्या’ म्हणून सोडू नका.

इस्पितळात काय करतात? शिरेतून सलाईन देतात. रक्ताची आणि लघवीची कल्चर तपासणी घेतात आणि तिचा निकाल यायच्या आधीच प्रतिजैविक सुरू करतात, कारण निकालाला दोन-तीन दिवस लागतात आणि सेप्सिसच्या रोग्याला तेवढी सवड नसते. निकाल आला की नेमकं औषध ठरतं. खडा किंवा अडथळा असेल तर तोही काढावा लागतो. तुंबलेलं तसंच ठेवून नुसत्या औषधानं भागत नाही.

आता दुखणं असं की ही औषधं बोथट होत चाललीत. साध्या सर्दीला, जी विषाणूनं होते आणि ज्यावर प्रतिजैविक चालतच नाही, आपण दुकानातून गोळ्या आणतो. बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या तापाला ठेवतो, नाहीतर शेजारच्या राहुटीत देतो. जंतू यातून शिकतात. काही जंतू औषध मोडून टाकणारं रसायन तयार करतात, ही विद्या दुसऱ्या जंतूंनाही देतात. मग मेरोपेनेमसारखी राखीव इंजेक्शनं वापरावी लागतात आणि काही वेळा तीही चालत नाहीत. तेव्हा कोलिस्टिनसारखं जुनं औषध काढावं लागतं, जे मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. आपल्या एका फुकटच्या गोळीची किंमत अशी दुसऱ्याच कुणाची तरी माय मोजते.

म्हणून दिंडीकडे हात जोडून चार मागण्या. टँकरच्या पाण्यात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबूनच पाणी वाटा. तुरटीनं पाणी नितळतं, जंतू मरत नाहीत. बायांसाठी आडोसा किंवा फिरतं शौचालय असेल तिथेच विसावा घ्या आणि चोपदारांनी ‘पाणी प्या, जाऊन या’ असं जाहीर सांगावं. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा), ते घोट घोट पाजत राहा. पटकीतसुद्धा जीव मुख्यतः पाण्यानंच वाचतो. आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक चिठ्ठी असू द्या: नाव, घरचा फोन, मधुमेह आहे का, कुठलं औषध चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे. बेशुद्ध माणसाच्या वतीनं ती चिठ्ठी बोलते.

गुडघेदुखीसाठी वाटेतल्या प्रत्येक शिबिरातून वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.

काही जण म्हणतील, ‘माऊली आहे, ती सांभाळील.’ खरंच आहे. पण शेजारी चालणारा वारकरीही माऊलीच ना? आपण एकमेकांच्या पाया पडतो ते त्याच भावनेनं. मग त्याला कणकण आली, त्याची पावलं मागं पडू लागली, तर ते आधी आपल्याच ध्यानात यायला हवं. शंभर वर्षं ही दिंडी टिकली ती मागे राहिलेल्याला सोबत घेऊनच. पुढची शंभरही तशीच चालो, आणि निघालेला प्रत्येक जण वाखरीच्या रिंगणात हसत उभा असो.

राम कृष्ण हरी!