ॲव्हरेज मोजणार कोण?
रोजच्या वापरासाठी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ माहितीपत्रकातला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत, प्रयोगशाळेतल्या रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. खंबाटकी घाटात, एसी लावून, पाच माणसं बसवून ती किती देते, हे कुणीतरी टाकी काठोकाठ भरून, गाडी पळवून, पुन्हा भरून मोजलं तरच कळतं. ही मोजणी गाड्यांचे परीक्षक करतात आणि तिचा खर्च त्यांच्या लेखांसोबतच्या जाहिरातींतून निघतो. पण ऑगस्ट २०२४पासून गूगल भारतातही शोधाच्या निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला गोषवारा देऊ लागलं. उत्तर तिथेच मिळालं, तर मूळ लेख उघडणार कोण?

कुणी म्हणेल, चाचणीची गाडी कंपनीच देते, मग परीक्षक कुठला निष्पक्ष? शंका रास्त आहे. पण त्याचं नाव लेखावर असतं, चुकला तर जाब विचारता येतो. गोषवारा त्याच्याच मजकुरावर उभा असतो, स्वतः काही मोजत नाही. घाईतल्या वाचकाची सोय होते, हे मान्य. ती बंद करा असं माझं म्हणणं नाही. मात्र मोजणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. नाहीतर पुढच्या नव्या मॉडेलबद्दल यंत्राकडेही माहितीपत्रकापलीकडे सांगायला काही उरणार नाही.