औट घटकेचें नांव

अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, शाहू मोडक वयाच्या १५ व्या वर्षीं ‘औट घटकेचा राजा’ (१९३३) या बोलपटांत एकाच वेळीं दोन मुलांच्या भूमिकांत उभे राहिले. चेहरा एक, माणसें दोन. त्या घोटाळ्यांत प्रेक्षकांना निव्वळ मौज होती.

असला घोटाळा जीवावर कसा बेततो, तें १९४५ च्या ‘डीटूर’ या अमेरिकन चित्रपटांत दिसतें. अवघ्या ६८ मिनिटांचा, तुटपुंज्या पैशांत काढलेला हा चित्रपट. न्यूयॉर्कचे रस्ते उभारणें परवडेना, तेव्हां धुकें सोडून भागविलें; आणि तेंच कथेला शोभलें! एका पियानोवादकाला वाटेंत मोटारींत घेणारा गृहस्थ अकस्मात् मरतो. खुनाचा आळ येईल या भीतीनें हा मृताचे कपडे, पैसे, मोटार आणि नांवही उचलतो. पुढें त्याचें बिंग ओळखणारी बाई टेलिफोनची तार गळ्याभोंवतीं अडकून मरते. बंद दाराबाहेरून ती तार ओढणारा हाच. न केलेला खून लपवितां लपवितां त्याच्या हातून खरोखरच जीव जातो.

ज्यांनीं शांतारामबापूंचा ‘माणूस’ (१९३९) पाहिला असेल, त्यांना शांता हुबळीकरांची मैना आठवेल. तिच्या हातून दुष्ट नातेवाइकाचा खून होतो. मोडकांचा गणपत हा पोलीस शिपाई, कैद्याला धरून ठेवणें हें त्याचें काम. पण तोच तिला सुटकेची वाट दाखवितो. पळाली असती, तर तिलाही परकें नांव घेऊनच जगावें लागलें असतें. मैना नकार देते आणि तुरुंगांतच राहते.