शिंपला आणि डावणी

गोडी छाटणी झाली, पाऊस जायचं नाव घेत नाही आणि द्राक्षाच्या पानांवर तेलकट डाग दिसायला लागले. डावणी काय चीज आहे ते बागाइतदारांना मी सांगायला नको. आज तिच्या जोडीला एक भलतंच नाव घेतो: ओढ्याच्या गाळात अर्धा रुतून बसणारा शिंपला.

हसू नका. दोघंही दुसऱ्याच्या जिवावर वाढतात. शिंपल्याचं पिलू वाळूच्या कणाएवढं. आपली दोन झाकणं मिटून ते माशाच्या कल्ल्याला चिमटा घेतं, काही आठवडे तिथंच राहतं आणि मग सुटून तळाशी पडतं. डावणीलाही पोहता येतं! पानावर पाण्याचा पातळ थर असला की तिचे बीजाणू शेपट्या हलवत पर्णरंध्र गाठतात. दिसायला बुरशी, पण नातं तपकिरी शेवाळाशी.

शिंपला हा मुक्काम करून जाणारा पाहुणा. माशाला सहसा फारसा त्रास नाही. पुढं तो जन्मभर पाणी गाळतो, म्हणजे घरची भांडी घासून देतो म्हणा ना. डावणी मागल्या दारानं, पानाच्या खालच्या अंगानं शिरते, कणगी रिकामी करते आणि रातोरात गोतावळा बोलावते. खोटं वाटत असेल तर डागाचं पान ओल्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी खालून पांढरी लव.

या पाहुणीला हाकलायला फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण पुढं आणलं. तेच आपण मारतो. जरूर मारा. पण पंप ओढ्यात धुऊ नका! मोरचुदातलं तांबं शिंपल्याच्या पिलांना फार बाधतं. हाकलायचं कुणाला आणि मारतोय कुणाला? परत सांगतो, कारण फवारणी झाली की घाईत सगळे तेच करतात: पंप, बादली, ब्लोअरची टाकी, काहीच ओढ्यात धुवायचं नाही. ते निळं पाणी ओढ्या-विहिरीपासून लांब जिरवा.

एक टक्क्याला मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर, हे पाठच असेल. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. बाकी चुना विरलेला कसा ओळखायचा, ते... खूण झाली, वेळ संपली. पंप मात्र ओढ्यात नाही हं.