पुणेरी पलटणीचा पडता हंगाम

आमच्या पिढीचा हुतुतू तीच आजची कबड्डी. तिच्या व्यावसायिक स्पर्धेंत पुणेरी पलटणीनें १ मार्च २०२४ रोजीं हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. त्याच वर्षींच्या पुढील हंगामांत मात्र कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीनें बाहेर पडला आणि बाद फेरीच्या सहा संघांतहि पलटण राहिली नाहीं. बाद झालेला गडी सोबत्यांनीं प्रतिपक्षाचा गडी टिपला कीं उठतो. जायबंदी गड्यास उठविणारा नियम कोठला?

२९ डिसेंबरास अंतिम सामना पुण्यांतच, बालेवाडीस झाला. पाटण्यास हरवून जिंकला तोच हरियाणाचा संघ! यवतमाळांत दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या नातवानें विचारलें, “आबा, आपले गडी कुठें आहेत?” चाळीस वर्षें प्रश्न विचारणारा हा मास्तर निरुत्तर झाला.