पेरणीचा पैसा बाजारात घालू नये



कापसाचा भाव पडला की घर कसे कोमेजते, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. शेअरचा भावही असाच चढतो आणि असाच पडतो. आज त्याविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

शेअर म्हणजे धंद्यातला वाटा. चौघांनी पैसे घालून सरकी काढण्याचे जिन उभे केले, तर चौघेही त्याचे मालक. नफा चौघांचा, तोटाही चौघांचा.

आता एक जुनी गोष्ट ऐका. १८६१ साली अमेरिकेत यादवी लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. मग आपल्या देशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या नव्या कंपन्या निघाल्या. कित्येकींचा धंदा नुसता कागदावर! तरी लोकांनी कर्ज काढून शेअर घेतले. १८६५ साली लढाई संपली. कापूस उतरला, शेअर कोसळले. मोठमोठे व्यापारी बुडाले. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात बुडाली. कागदी कंपन्या काही पुन्हा उठल्या नाहीत.

दुसरी गोष्ट अलीकडची. सेन्सेक्स म्हणजे मुंबईच्या बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावाचा आकडा. २०२० च्या जानेवारीत तो ४२,००० वर होता. करोना आला, आणि २३ मार्चला तो २६,००० च्याही खाली गेला. पुढल्या जानेवारीत त्याने ५०,००० ला हात लावला. पण दर वेळी इतक्या लवकर भरपाई होत नाही. २००८ सालची पडझड भरून निघायला २०१० ची दिवाळी उजाडली.

मग बुडतो कोण? ज्याला थांबता येत नाही, तो. आपल्याकडे ज्याच्या डोक्यावर देणे असते, तो पडत्या भावातच कापूस विकून मोकळा होतो. शेअरचेही तसेच. मृग लागला, बियाणे पाहिजे, आणि पैसा बाजारात अडकलेला. मग काय करता? मिळेल त्या भावाला विकता!

म्हणून आम्ही सांगतो:

बियाणे, खत, दवाखाना, पोरांची फी, यांचा पैसा बँकेत किंवा पोस्टात ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, हेही ध्यानात असू द्या.

आधी सावकाराचे देणे फेडा. कर्ज काढून शेअर घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त होवोत.

पाच-सात वर्षे लागणार नाही, एवढाच पैसा बाजारात घाला. तोही एकदम नको. दर महिन्याला थोडा थोडा. एकाच कंपनीत सगळा घालू नका. म्युच्युअल फंडात तो पुष्कळ कंपन्यांत वाटला जातो.

भाव पडला म्हणून घाबरून विकू नका. आधी विचारा, बाजार पडला की आपली कंपनीच बुडाली?

फोनवर कोणी "दुप्पट करून देतो" म्हणाला, तर त्याची सेबीकडे नोंदणी आहे का, ते पाहा. आता आपल्याला वाचता येते. वाचल्यावाचून सही करू नका.

घरात बियाण्याचे पोते राखून ठेवलेले असले, म्हणजे बाजार पडला तरी झोप लागते.